गाव सुटते, वजन वाढते

पोटापाण्यासाठी गाव सोडून शहरात आलेल्या माणसाचे उत्पन्न वाढते, राहणीमान बदलते आणि काही वर्षांत कमरेचा घेरही वाढतो. हा दोष जिभेवर ताबा नसण्याचा, की घराण्यातून आलेल्या अंगकाठीचा? या प्रश्नावर प्रकाश टाकणाऱ्या एका महत्त्वाच्या संशोधनात नागपूरचाही समावेश होता.

‘इंडियन मायग्रेशन स्टडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांतील कामगार व त्यांचे जोडीदार यांपैकी जे खेड्यातून आले होते, त्यांची तुलना गावीच राहिलेल्या त्यांच्या भावंडांशी करण्यात आली. मूळच्या शहरी रहिवाशांचीही तपासणी झाली. एकूण ६,५१० जण त्यात सहभागी होते. भावंडांचा आनुवंशिक वारसा आणि बालपण बरेचसे सारखे असल्याने त्यांच्या वजनातील फरक प्रामुख्याने पुढील राहणीमानाकडे बोट दाखवतो.

हा फरक लक्षणीय होता. गावातील पुरुषांत लठ्ठपणाचे प्रमाण १९ टक्के, स्थलांतरितांत ३७.८ टक्के, तर मूळच्या शहरी पुरुषांत ४१.९ टक्के आढळले. मधुमेहाचे प्रमाण गावात ६.२ टक्के होते; स्थलांतरितांत ते १४.३ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक होते. स्त्रियांमध्येही साधारण असेच चित्र दिसले. याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणानुसार, शरीरातील चरबी शहरात आल्यानंतरच्या पहिल्या दशकात वेगाने वाढते. रक्तदाबासारखे अन्य धोके मात्र हळूहळू वाढत जातात.

कष्ट घटले, आहार बदलला

नांगरणी, खुरपणी, पाणी शेंदणे, सरपण आणणे अशा कामांत गावी खर्च होणारी शक्ती शहरात वाचते. नळ, गॅस, मिक्सर आणि लिफ्ट यांनी श्रम कमी केले. प्रवासाचे तास वाढले, पण ते बहुधा बसून किंवा उभ्याने जातात. दुसरीकडे तेल, साखर आणि तळलेले पदार्थ सहज परवडू लागतात. पाळीच्या नोकरीत जेवणाची वेळ उरत नाही आणि वडापाव-चहावर भूक भागवली जाते.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाटा पाहणे पुरेसे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा ‘बॉडी मास इंडेक्स’ सारखाच, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त मानले जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शहरी स्त्रियांपैकी ३३.२ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांपैकी १९.७ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आढळले. दुचाकी, ट्रॅक्टर आणि पाकीटबंद खाऊ गावोगावी पोहोचल्याने आता गावही सुरक्षित राहिलेले नाही.

लठ्ठपणाचा सारा दोष व्यक्तीच्या आळसावर टाकता येत नाही, हाच या भावंडांच्या तुलनेचा अर्थ. शहरातील पहिली दहा वर्षे सावध राहण्याची आहेत. त्या काळात कमरेचे माप आणि रक्तातील साखर तपासत राहणे नवागताच्या हाती आहे. चालण्याजोगे पदपथ आणि मोकळी मैदाने राखणे ही मात्र शहराची जबाबदारी आहे.