मोटारीची थरथर व तिचा उपाय

व्यापारी बंधूंच्या घरी दोन दारांची आलिशान वेगवान मोटार आली, आणि कागजनगरहून बेज्जूरकडे येताना तिचे स्टिअरिंग थरथरू लागले, म्हणजे बाजारातील नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसविण्याचा सल्ला तत्काळ मिळतो. त्या सल्ल्याचा आधी विचार झाला पाहिजे.

स्प्रिंग धक्का झेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाऊन त्या हालचालीची उष्णता होते व मोटारीचे हेलकावे थांबतात. आपल्या देशात १९६१ साली स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी हाच माल बनविते. परंतु गुळगुळीत रस्त्यावरही ठराविक वेगालाच थरथर होत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या असमतोलात असतो. तराजूला पासंग असता नवी दोरी बांधून तो खरा होत नाही. तद्वतच हे होय. म्हणून प्रथम चाके, टायर व रबरी बुश तपासून घ्यावेत.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असल्यास तो अवश्य बदलावा. मात्र त्याच मोटारीस योग्य असा, आणि एका आसावरील दोन्ही बाजूंचा. एक कडक व एक नरम राहिल्यास वळणावर मोटार आवरणे कठीण जाते. खर्च केवळ पैशाचा आहे. जोखीम मात्र आत बसलेल्या मुलाबाळांची आहे.