चला, मेंढ्यांकडे वळू या

खटला मेंढ्यांचा आहे. फिर्यादी कापडव्यापारी, आरोपी त्याचाच मेंढपाळ. मालकाच्या मेंढ्या मारून खाल्ल्याचा आरोप. साधी गोष्ट. पण आरोपीचा वकील पाहताच व्यापाऱ्याचे भान सुटते, कारण याच गृहस्थाने उधारीवर कापड नेऊन त्याला टोपी घातलेली असते. मग मेंढ्यांच्या तक्रारीत कापड घुसते, कापडाच्या हिशेबात मेंढ्या. आपण मेंढ्यांचे बोलत होतो, हे न्यायाधीशाला पुनःपुन्हा बजावावे लागते.

पंधराव्या शतकातल्या 'मेत्र पातलें' या फ्रेंच प्रहसनातला हा प्रसंग. न्यायाधीशाचे बोलणे फ्रेंचमध्ये वाक्प्रचार होऊन बसले आणि इंग्रजांनी ते उचलून 'रिटर्न टू अवर मटन्स' असे केले. फ्रेंच 'मुतों' म्हणजे मेंढीही आणि तिचे मांसही. आजच्या इंग्रजीत मटण असते ते ताटात. त्यामुळे इंग्रजी ऐकताना न्यायाधीशाची जेवणाची वेळ झाल्यासारखे वाटते.

विनोद मात्र याहून जुना. पहिल्या शतकातल्या रोमन कवी मार्शलच्या एका कवितेत अशिलाच्या तीन शेळ्या चोरीला जातात आणि त्याचा वकील मोठमोठ्या लढायांवर हातवारे करत गर्जत राहतो. वकील आणि विषयांतर, जोडी बरीच मुरलेली दिसते.

भरकटण्यासाठी इंग्रजीने शब्द गोळा केले ते ठिकठिकाणांहून. 'गोइंग ऑफ ॲट अ टँजंट' आला भूमितीतून. टँजंट म्हणजे स्पर्शिका. हा शब्द डॅनिश गणिती टोमास फिंक याने 1583 मध्ये वापरात आणला. गोफणीतून सुटलेला दगड गोल फिरायचे सोडून त्या क्षणीच्या स्पर्शिकेने सरळ निघून जातो. बोलणाऱ्याचेही तसेच होते: तो विषयाला एका बिंदूत शिवतो आणि पसार होतो. 'बीटिंग अराउंड द बुश' शिकारीतला. पक्षी उठवायला झुडपे बडवत राहायचे, प्रत्यक्ष शिकार दुसऱ्याची.

'रेड हेरिंग'ची जात वेगळी. तिथे बोलणारा चुकत नाही, ऐकणाऱ्याला चुकवतो. धूर देऊन लालसर झालेला हा उग्र वासाचा मासा. लहानपणी आपण तो फरफटत नेऊन शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवले, अशी गोष्ट विल्यम कॉबेट या पत्रकाराने 1807 मध्ये लिहिली. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीला भुललेल्या वृत्तपत्रांना त्याला टोमणा मारायचा होता. मासा प्रसिद्ध झाला, टोमणा विसरला गेला.

'साइडट्रॅक' रेल्वेचा, अमेरिकेतला. मराठीतही चर्चेची 'गाडी रुळावर' येते. पण बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली 1853 मध्ये, त्याआधी आपल्या चर्चा कशावर येत असतील? बहुधा मूळपदावर. कीर्तनकार निरूपणात कितीही दूर गेला तरी अखेर त्याच अभंगाकडे वळतो.

भटकंतीची खरी मिजास लॉरेन्स स्टर्नने केली. त्याची 'ट्रिस्ट्रम शँडी' ही कादंबरी 1759 ते 1767 या काळात नऊ खंडांत निघाली. नायक स्वतःची जन्मकथा सांगायला बसतो आणि जन्माला येतो तिसऱ्या खंडात! सहाव्या खंडात तर आपले कथानक कसकसे वळले, याच्या वेड्यावाकड्या रेघाच छापल्या आहेत.

परतण्याचे शब्द त्या मानाने चिमुकले. 'आय डायग्रेस' म्हणणारा दिलगिरीचा आव आणतो, पण तोवर त्याचे सगळे सांगून झालेले असते. 'एनीवे' जास्त प्रामाणिक: मधले सोडा, पुढे चला. फोनवर तोच शब्द निरोपाचीही चाहूल देतो, आपल्या 'बरं, चला' सारखा. उलट 'बाय द वे' पक्का लबाड. म्हणायला जाता जाता, पण नेमके कामाचे त्याच्याच मागून येते: "बाय द वे, ते पैसे कधी देतोस?" मराठीने हे दोन्ही शब्द केव्हाच घरात घेतले, तरी ज्ञानेश्वरीत जागोजागी भेटणाऱ्या 'हें असो'चा रुबाब त्यांना नाही.

असो. त्या फ्रेंच खटल्यात विषय अजिबात न सोडणारा एकच जण होता, मेंढपाळ. काहीही विचारले तरी मेंढीसारखे 'बेंऽऽ' करायचे, असे वकिलाने त्याला पढवले होते. न्यायाधीशाने वेडा समजून त्याला सोडून दिले. मग वकिलाने आपली फी मागितली, तेव्हाही तो म्हणाला, 'बेंऽऽ'.