समुद्र बघायला जाताना

सुगी आवरली की आपल्याकडच्या बचत गटांच्या सहली निघतात. विट्याहून कऱ्हाड, पुढं कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर नाहीतर गणपतीपुळं. गाडीतल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच समुद्र बघणार असतात. त्यांनी तो मनसोक्त बघावा, पाण्यात पायही भिजवावेत. पण त्याआधी समुद्राची थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या येरळेचं पाणी ब्रह्मनाळला कृष्णेत मिळतं आणि कृष्णेबरोबर थेट आंध्रात, बंगालच्या उपसागराला जातं. कोकणचा समुद्र घाटापलीकडचा. आपल्याला विहीर कळते, कालवा कळतो. टेंभूच्या कालव्याचं पाणी एकाच दिशेनं वाहतं. समुद्राचं पाणी मात्र येतं आणि परतही जातं, आणि धोका असतो तो या परत जाण्यात.

आपल्या मनातला समुद्र बहुधा कॅलेंडरवरचा असतो. निळंशार, आरशासारखं पाणी आणि वाकलेली नारळाची झाडं. असे किनारे खरंच आहेत. प्रशांत महासागरातल्या फिजी, ताहिती अशा बेटांभोवती प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याची, पाण्याखालची भिंत असते. मोठ्या लाटा तिथंच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. तरीही त्या भिंतीला जिथं खिंडार असतं, तिथून पाणी जोरानं बाहेर ओढलं जातं. आपल्या कोकणात मालवणजवळ थोडं प्रवाळ आहे, पण किनाऱ्याला अशी सलग भिंत नाही. अरबी समुद्राची लाट सरळ वाळूवर येते. म्हणून चित्रातल्या पाण्यावरून इथल्या पाण्याचा अंदाज बांधू नये.

आता भरती-ओहोटी. चंद्र आणि सूर्याच्या ओढीनं समुद्राचं पाणी साधारण सव्वासहा तास चढतं आणि तितकाच वेळ उतरतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटं पुढं सरकते. कोकणातले लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे 3 च्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी सकाळी आणि रात्री सव्वानऊच्या आसपास. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास. उपासतापासामुळं तिथी आपल्याला पाठच असतात, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही जमेल. हा अंदाज ढोबळ आहे, म्हणून पोचल्यावर तिथल्या कोळणीला किंवा दुकानदाराला विचाराच. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो.

ओहोटीत पाणी मागं सरतं, वाळू रुंद दिसते आणि माणसं आपसूक आत जातात. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली 14 मुलं-मुली बुडाली. शिकलेली, तरणीताठी लेकरं होती ती.

दुसरी गोष्ट, पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून आत परततं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत दिसते. दोन्ही बाजूंना फेस आणि मधेच गप्प, गडद पाणी दिसलं, तर तिथं उतरू नका. पोहणाऱ्यालाही ही ओढ आवरत नाही.

मग काय करायचं?

पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. काही ठिकाणी दोन पावलांत खोली येते. भिजलेलं लुगडं पायात गुंडाळतं, म्हणून साडी खोचा किंवा पंजाबी ड्रेस घाला. समुद्राकडं पाठ करून फोटो काढू नका. लेकरांचा हात सोडू नका. लाल झेंडा किंवा सूचनेची पाटी असेल तर पाण्यात उतरूच नका. पावसाळ्यात तर नाहीच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते.

कुणी ओढलं गेलंच तर तिनं किनाऱ्याकडं झुंजत येऊ नये, दम संपतो. पाठीवर तरंगावं, हात वर करावा. पोहणारीनं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून ओढीबाहेर पडावं. बाकीच्यांनी हाताची साखळी करून आत शिरू नये, एकीपायी चौघी जातात. दोर, रिकामा झाकणबंद पाण्याचा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेका, जीवरक्षकाला हाक मारा, 112 ला फोन करा. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, आणि 108 ची गाडी बोलवा. हे कसं करायचं ते सहलीआधीच आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून शिकून घ्या.

गटाच्या बैठकीत गाडीचं भाडं ठरतं, शिदोरी ठरते. त्याच बैठकीत त्या दिवसाची तिथी बघा, दोर आणि मोकळा कॅन कोण घेणार ते ठरवा. काठावर उभं राहून माणसं मोजणाऱ्या दोघी नेमा आणि त्यांची पाळी बदलत ठेवा, म्हणजे त्यांनाही पाय भिजवायला मिळतील. जन्मभर शेतात राबलेल्या बाईनं समुद्र बघायलाच हवा. आणि गेलेल्या सगळ्या जणी घरी परतायला हव्यात.