फ्लूची लस: कातडींत, कातडीखालीं, कीं स्नायूंत?

पावसाळ्यापूर्वीं गुरांना घटसर्पाची लस टोचण्याचा प्रघात आहे. मुंबई शहरांतील तबेले बाहेर हलविण्याकरितां १९४९ सालीं वसविलेल्या आरे कॉलनींत म्हशींचे गोठे अजून आहेत, आणि तेथील रहिवाशांना हा देखावा अपरिचित नसावा: मानेवरची सैल कातडी चिमटींत धरावयाची, सुई तिरकी सारावयाची आणि लस कातडीखालीं सोडावयाची. त्याच वसाहतींतला माणूस फ्लूची लस घ्यावयास गेला कीं सुई दंडाच्या स्नायूंत सरळ शिरते. आणि कुत्रा चावून सरकारी दवाखान्यांत गेला तर पुष्कळ ठिकाणीं कातडीच्या आंतच टोचून हरभऱ्याएवढी गांधी उठवितात. सुई तीच, मग तऱ्हा तीन कां?

दंडावरील त्वचा सुमारें दोन मिलिमीटर जाड असते. तिच्याखालीं चरबीचा थर आणि त्याखालीं स्नायू. स्नायूंत रक्ताभिसरण भरपूर असल्यामुळें तेथें सोडलेली लस लवकर पसरते. चरबींत रक्तवाहिन्या विरळ. लस तेथें रेंगाळते आणि जागा लाल होऊन दुखते, विशेषतः स्त्रियांना. त्वचेची गोष्ट निराळीच आहे. ती शरीराची वेस होय. परकें द्रव्य पकडून जवळच्या लसिकाग्रंथींस वर्दी देणाऱ्या पेशी तेथें दाटीनें वसतात. तेव्हां त्वचेंत टोचल्यास थोड्या लसीनेंही काम भागावें, हा तर्क साहजिक होता.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे. १९१८ सालच्या मानमोडीनें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. ज्या विषाणूनें तीं नेलीं तो माणसांत सांपडावयास १९३३ साल उजाडावें लागलें. पुढें लस निघाली, पण साथीच्या वेळीं ती पुरेशी असतेच असें नाहीं. २००९ सालीं पुण्यांत स्वाइन फ्लूनें हाहाकार उडविला तेव्हां त्यावरची लस येथें मिळतच नव्हती. २००४ सालीं एका कारखान्याचा परवाना स्थगित होतांच अमेरिकेचा जवळजवळ निम्मा पुरवठा बुडाला होता.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं दोन प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्यांत १८ ते ४० वर्षांच्या शंभर निरोगी माणसांपैकीं निम्म्यांना स्नायूंत पूर्ण मात्रा, म्हणजे प्रत्येक जातीच्या विषाणूमागें १५ मायक्रोग्रॅम, आणि निम्म्यांना त्वचेंत अवघे ३ मायक्रोग्रॅम दिले. रक्तांतील प्रतिद्रव्यें दोन्ही गटांत सारख्याच तोडीचीं आढळलीं. दुसऱ्यांत त्वचेंत ६ मायक्रोग्रॅम देऊन साठीच्या आंतील लोकांत असेंच दिसलें. साठीपुढील मंडळींत मात्र एका जातीविरुद्ध त्वचेची लस कमी पडली. एका माणसाच्या लसींत पांचांचें भागेल, हें ऐकून कोणालाही हुरूप यावा. परंतु प्रतिद्रव्यें वाढणें आणि ताप टळणें ह्या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. आणि हे प्रयोग पहिलीच गोष्ट मोजणारे होते.

शिवाय त्वचेंत टोचणें हें हाताच्या सवयीचें काम आहे. सुई जवळजवळ आडवी धरून, तिचें तोंड वर ठेवून, गांधी उठेपर्यंत द्रव हळूहळू सोडावा लागतो. केसभर खोल गेली कीं तो पांचवा हिस्सा चरबींत उतरतो आणि सारी काटकसर फुकट जाते. म्हणून २०११ सालीं अमेरिकेंत त्वचेसाठीं खास आखूड सुईची लस निघाली, तेव्हां तिच्या कर्त्यांनीं ३ नव्हे, ९ मायक्रोग्रॅमची मात्रा ठरविली. टोचल्या जागीं लाली व खाज अधिक येई. पुढें ती लस बाजारांतून गेलीही. हिंदुस्थानांत श्वानदंशाच्या लसीस ही पद्धत २००६ पासून मान्य आहे, कारण तेथें मात्रा अनेक असतात आणि बचतही मोठी होते. त्यावरून फ्लूची स्नायूसाठीं असलेली कुपी एखाद्यानें आपल्या अधिकारांत पांचांना वांटणें योग्य ठरत नाहीं.

जपानांत फ्लूची लस आजही कातडीखालीं देतात. सुईशिवाय, द्रवाची बारीक धार जोरानें दंडांत घुसविणाऱ्या यंत्रास अमेरिकेनें २०१४ सालीं १८ ते ६४ वर्षांच्या लोकांकरितां संमति दिली. गुण सुईइतकाच, दंड मात्र अधिक ठणकतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तर २०१० सालीं स्वाइन फ्लूची लस नाकावाटेंच देऊं केली.

निरोगी प्रौढाला सध्यां मिळते ती बहुधा स्नायूंतीलच. ती घेतांना बाही खांद्यापर्यंत वर घ्यावी, हात सैल सोडावा, आणि सुमारें एक इंच सुई सरळ जाऊं द्यावी. अंग चोरून दंड ताठ केला तर दुखणें वाढतें, आणि बाही अर्धवट सरकविली तर सुई भलत्याच जागीं पडते. मुंबईंत फ्लूचा जोर पावसाळ्यांत असतो, म्हणून एप्रिल-मे हे महिने सोयीचे; गोठ्यांत घटसर्पाची लस टोचण्याचा काळही साधारण तोच.