गडचिरोलीत बंदूक का रुजली?

गैरसमज : जिथे दारिद्र्य, तिथे नक्षलवाद.

तसे असते तर नंदुरबार आणि मेळघाट केव्हाच पेटले असते. राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात नंदुरबार तळाला होता; मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या तर पावसाळा आला की ठरलेल्याच. तरी तिथे नक्षलवाद्यांची सशस्त्र पथके, म्हणजे दलम, मूळ धरू शकली नाहीत. नंदुरबारातल्याच शहाद्याच्या आदिवासींचा संताप सत्तरच्या दशकात श्रमिक संघटनेच्या मोर्च्यांतून बाहेर पडला. संतापाला वाट कोण देतो, यावर बरेच काही ठरते.

गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. इथल्या माडिया-गोंडांना सरकार भेटायचे ते प्रामुख्याने वनरक्षकाच्या वेशात. नांगरासाठी लाकूड तोडले की कोंबडी द्या, नाहीतर केस. तेंदूपत्त्याच्या पुड्याचा भाव ठेकेदार ठरवणार. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जाणार आणि तोडणाऱ्याच्या हाती चिल्लर पडणार. १९८०च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी पीपल्स वॉर ग्रुपची पथके नदी ओलांडून आली, तेव्हा त्यांनी माओची पोथी बाजूला ठेवून आधी तेंदूच्या मजुरीला हात घातला. मजुरी वाढली, वनरक्षकाचा जाच कमी झाला. या ‘दादालोकां’ना गावात जेवण मिळू लागले ते यामुळे.

गैरसमज : हे सगळे परक्यांचे कारस्थान.

विचार बाहेरचा होताच, वरचे नेतृत्वही बरेचसे तेलुगू. पैसा मात्र इथलाच : ज्या ठेकेदारांविरुद्ध लढा, त्यांच्याकडूनच वसुली. बंदुकाही पुष्कळशा पोलिसांकडून लुटलेल्या.

गैरसमज : म्हणजे ते आदिवासींचे कैवारी.

‘खबरी’ ठरवून ज्यांना मारले, त्यांत बहुसंख्य आदिवासीच. यावर अधिक काय बोलायचे?

गैरसमज : रस्ता आणि पोलीस ठाणे आले की प्रश्न मिटला.

त्याने दलम हटते. बांबू कोणाचा, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. त्याचे उत्तर देऊ पाहणारा वनहक्क कायदा २००६चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. तरीही स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखाते ग्रामसभेच्या हाती देईना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले.