नाळेतून हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत

हजार ग्रॅमही वजन न भरलेलं बाळ. हातावरची शीर दोऱ्याएवढी बारीक. तिथे सुई टिकत नाही, आणि त्याला तर कित्येक दिवस शिरेतूनच पोषण द्यायचं असतं. साडेबारा टक्क्यांहून दाट ग्लुकोज या बारीक शिरेला सोसत नाही. ती सुजते, आजूबाजूची कातडीही जळू शकते. मोठ्या शिरेत मात्र वाहत्या रक्तात ते लगेच पातळ होतं.

तिथवर जाणारी वाट निसर्गानेच ठेवलेली असते. कापलेल्या नाळेच्या टोकाशी तीन तोंडं दिसतात: दोन जाड भिंतींच्या, आवळलेल्या धमन्या आणि एक रुंद, सैल नीला. या नीलेतून जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची मऊ नळी यकृतातून वर, हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी नेतात. जन्मानंतर साधारण आठवडाभर ही वाट वापरता येते. अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉ. लुई डायमंड यांनी १९४७ मध्ये रक्तबदलासाठी ती वापरण्याची पद्धत मांडली.

नळीचं टोक कुठे पोचलं, हे एक्स-रे किंवा सोनोग्राफीने तपासतात. जास्त आत गेली तर हृदयाला धोका, अलीकडे राहिली तर यकृताला. मोठी भीती जंतुसंसर्गाची. म्हणून नळीला स्पर्श करण्याआधी हात स्वच्छ धुवायचे, जोड जंतुनाशकाने पुसायचा आणि रोज विचारायचं: आज ही नळी खरंच हवी का? आईचं दूध पुरेसं पचू लागलं, की नळी निघते. अतिदक्षता विभागातला तो मोठा आनंदाचा दिवस.