फ्यूज शाबूत, तरी बॉक्स वितळलेला

सकाळी 8. आखाडा बाळापुरात नांदेड-हिंगोली रस्त्यावर शटर वर केलं की आधी टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि पॉलिश पेपर काढून ठेवतो. हळदीचे दिवस आहेत. वसमत, हिंगोलीच्या बाजाराला माल रात्री-बेरात्री निघतो, म्हणून पहिली गिऱ्हाइकं टेम्पोवाली. कुणाचा हॉर्न गेलाय, कुणाचा इंडिकेटर. ती कामं उभ्या उभ्या होतात.

9.30. कळमनुरीकडून एक मामा जुनी मारुती 800 घेऊन आले.

"हेडलाइट मधीच जातेत. डॅशबोर्डवर थाप मारली की येतेत. फ्यूज तर शाबूत हाय."

"मामा, बल्ब कोणते टाकलेत?"

"उजेड कमी पडायला म्हणून शंभर वॅटचे टाकले."

कव्हर काढलं. हेडलाइटच्या फ्यूजभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला ओघळलेलं. दहाचा लाल फ्यूज असायचा तिथं कुणीतरी तीसचा हिरवा बसवलेला. हे पाहिलं की मला खरंच भीती वाटते. फ्यूज वायरीच्या ताकदीप्रमाणे ठरतो. तीसचा टाकला की शॉर्ट झाल्यावर आधी वायर जळते, आणि आत माणसं बसलेली असतात.

10.30. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. बॅटरीवर 13.6 व्होल्ट, बल्बपाशी 11.7. मधले दोन व्होल्ट गेले कुठं? मीटरच्या दोन्ही पिना फ्यूजच्या अलीकडं-पलीकडं टेकवल्या: 0.6. स्टिअरिंगजवळच्या स्विचवर 0.8. उरलेला जुन्या वायरींत आणि कपलरांत. शंभर वॅटच्या बल्बला आठेक अँपिअर लागतात, त्याला 0.6 नं गुणलं तर नखाएवढ्या जागेत पाच वॅट उष्णता. करंट प्रमाणाबाहेर नाही, म्हणून फ्यूजची तार तुटत नाही. तापतो तो सांधा. फ्यूजचे पाय धरणारी पितळी चिमटी तापून सैल पडते, सैल पडली की आणखी तापते. त्यात नवा फ्यूज खोचला तरी दुखणं तिथंच राहतं.

जूलनं 1841 मध्ये मांडलेला नियम इथं रोज दिसतो: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. मामांचा उजेड मुळात सांध्यांनीच खाल्ला होता. दीड व्होल्ट घटला तर हॅलोजनचा उजेड जवळपास एक तृतीयांश कमी होतो. त्यावर मोठे बल्ब टाकले, करंट वाढला, सांधे जास्त तापले.

12. बॅटरीची वायर सोडली आणि जळका भाग कापला. काळी पडलेली तांब्याची तार थिंबल नीट धरत नाही, म्हणून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापत जातो. ओघळलेल्या खणात पुन्हा काही बसवायचं नाही, हा माझा नियम.

दुपारी 1.30. जेवण. उन्हात गाडीचा पत्रा हाताला सोसत नाही.

2.30. दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीपासून अडीच स्क्वेअर एमएमची नवी वायर, बॅटरीजवळच होल्डरमध्ये पंधराचा निळा फ्यूज. आता बल्बचा करंट रिलेतून जाईल. जुन्या स्विचवर रिलेच्या कॉइलपुरता, अर्ध्या अँपिअरच्याही आतला भार. थिंबल पकडीनं दाबून प्रत्येक वायर ओढून पाहिली. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकत नाही. हेडलाइटची अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घेतली. बल्ब परत 60/55 चे.

मध्ये एक ट्रॅक्टर आला. सेल्फ फिरत नव्हता. बॅटरीचं टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन घट्ट केलं, गेला.

7. अंधार पडल्यावर हेडलाइट अर्धा तास चालू ठेवले. फ्यूजवर 0.04 व्होल्ट, बल्बपाशी 13.2. होल्डरला बोट लावलं तर जेमतेम कोमट.

"लहान बल्बात एवढा उजेड?" मामा समोरच्या भिंतीकडं बघत होते.

त्यांना पंधराचे दोन फ्यूज जादा दिले आणि बजावलं, हा उडाला तर मोठा टाकू नका, गाडी इकडं आणा. आणि पावसाळ्याआधी एकदा या. बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीवर हिरवा थर चढायलाय, ती बदलू.